मोठे केले की सुंदर, खेळताना मात्र गोळा

पत्र: आम्ही तिघे मिळून लहानपणी खेळलेल्या एका जुन्या गेमवर आधारित फॅन-गेम, म्हणजे चाहत्यांनी स्वतः बनवलेला गेम, तयार करत आहोत. फळ्यांवरून उड्या मारत पुढे जाण्याचा तो गेम आहे. एक मित्र कोड लिहितो, दुसरा संगीत करतो, आणि मी कागदावर चित्रे बरी काढते म्हणून पात्रांचे पिक्सेल आर्ट स्प्राइट, म्हणजे गेममध्ये हलणारी ठिपक्या-ठिपक्यांची चित्रे, माझ्याकडे आले. 64 × 64 पिक्सेलच्या चौकटीत नायिकेचे नुसते उभे चित्र काढण्यात माझे तीन आठवडे गेले. रंग चाळीसच्या वर झाले. मोठे करून पाहिले तर चित्र सुंदर दिसते, पण गेममध्ये घातले की धुरकट गोळा दिसतो. चालवून पाहिली तर ती बर्फावरून घसरत गेल्यासारखी वाटते. कोड लिहिणारा मित्र म्हणतो की मूळ गेममधलेच स्प्राइट काढून घेऊ आणि रंग बदलू, नाहीतर हा गेम कधी पुरा व्हायचा नाही. मला ते पटत नाही, पण त्याला उत्तरही देता येत नाही. हे काम मी सोडून द्यावे का? — थकलेली चित्रकार

उत्तर:

सोडू नका, निदान अजून एक महिनाभर तरी नाही. तुमच्या पत्रात हात कच्चा असल्याची एकही खूण मला दिसत नाही. उलट जिला उभे चित्र ‘सुंदर’ जमले आणि ते गेममध्ये बिघडल्याचे लगेच जाणवले, तिची नजर तयार आहे. अडचण दुसरीकडे आहे, आणि ती तुम्हीच एका वाक्यात लिहून ठेवली आहे: ‘मोठे करून पाहिले तर चित्र सुंदर दिसते’. तीन आठवडे तुम्ही जे पाहत होता, ते खेळणाऱ्याला कधीच दिसणार नाही. आठपट मोठ्या केलेल्या कॅनव्हासवर प्रत्येक पिक्सेल टपोऱ्या फरशीसारखा दिसतो, त्यामुळे एकेका फरशीवर काम करावेसे वाटते, आणि तसे केले की काम झाल्याचे समाधानही मिळते. खेळणारा मात्र ते चित्र गेमच्या मापात, हलताना, प्रत्येक फ्रेम, म्हणजे हालचालीतले एकेक चित्र, सेकंदाच्या दहाव्या-पंधराव्या हिश्शापुरती पाहतो, आणि तेव्हाही त्याचे अर्धे लक्ष समोरून येणाऱ्या शत्रूवर असते. धुरकटपणा, चाळीस रंग, घसरणारे पाय, तीन आठवडे ही तुमची चारही दुखणी बरीचशी चुकीच्या अंतरावरून पाहिल्याने झाली आहेत.

म्हणून चित्राला हात लावण्यापूर्वी कोड लिहिणाऱ्या मित्राला एक प्रश्न विचारा: आपल्या गेमचा मूळ पडदा किती पिक्सेलचा आहे? हा प्रश्न बहुतेक चमूंत कोणी विचारतच नाही. मीही एकदा तो न विचारता उडीच्या बारा फ्रेम रंगवून पूर्ण केल्या होत्या, आणि नंतर कळले की पात्र निम्म्या उंचीचे हवे होते. चित्र निम्मे करणारे बटण असते, पण पिक्सेल आर्टमध्ये ते बटण दाबणे म्हणजे प्रत्येक चार पिक्सेलांतले तीन डोळे मिटून फेकून देणे. त्या बाराच्या बारा फ्रेम मला पुन्हा काढाव्या लागल्या.

समजा, पडदा 320 × 180 चा आहे. आजकाल हे माप पुष्कळ जण घेतात, कारण ते चारपट केले की 1280 × 720 आणि सहापट केले की 1920 × 1080 असे बरोबर बसते. अशा पडद्याच्या उंचीत 64 पिक्सेलची नायिका जेमतेम पावणेतीन वेळा मावते. मग ती उडी कुठे मारणार आणि वरच्या फळीवर काय आहे हे खेळणाऱ्याला दिसणार कसे? 1985 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये 240 ओळींच्या पडद्यावर लहान मारिओ 16 पिक्सेल उंच होता, म्हणजे त्याच्यासारखे पंधरा जण एकावर एक उभे राहिले असते. उड्यांच्या गेमला मोकळी हवा लागते. तुमच्या पत्रावरून मला वाटते की नायिका 32 पिक्सेल उंच आणि साधारण 20 ते 24 पिक्सेल रुंद असावी, पण अंतिम निर्णय पडद्याचे माप पाहून तिघांनी मिळून घ्यावा आणि एकदा घेतल्यावर तो मोडू नये. सगळ्या पात्रांचे, फळ्यांचे आणि मागच्या देखाव्याचे पिक्सेल पडद्यावर एकाच आकाराचे दिसले पाहिजेत. नायिका बारीक पिक्सेलांची आणि शत्रू दुप्पट जाड पिक्सेलांचा झाला, तर दोघे दोन वेगळ्या गेममधून आल्यासारखे वाटतात, आणि ते खेळणाऱ्याला कारण न कळताही खुपते.

‘धुरकट’ या शब्दाबद्दल एक शंका मला आहे, कारण तो दोष पूर्णपणे तुमचा नसावा. गेम इंजिने, म्हणजे ज्यांत गेम बनवला जातो ती सॉफ्टवेअर, चित्र मोठे करताना शेजारच्या रंगांची सरासरी काढून कडा मऊ करतात. छायाचित्राला ते शोभते, स्प्राइटचा मात्र त्याने चिखल होतो. मित्राला सांगा की इंजिन गोदो असेल तर त्यामध्ये टेक्श्चर फिल्टर ‘निअरेस्ट’ असावा, युनिटी असेल तर फिल्टर मोड ‘पॉइंट’ असावा आणि कॉम्प्रेशन बंद असावे. पडदा पूर्ण पटीतच मोठा करावा. 160 ओळींचा पडदा 1080 ओळींवर ताणला तर पावणेसातपट होतो, म्हणजे काही पिक्सेल सहा ओळींचे आणि काही सातचे होतात, आणि चालताना नायिकेचा चेहरा पाण्यात हलल्यासारखा लवलवतो. फाइल पीएनजीच ठेवा. जेपीईजी रंगांच्या कडेला कचरा सोडते. एवढे केल्यावर कदाचित निम्मा धूर हटेल. उरलेला निम्मा आपला.

आता चित्राकडे येऊ. नवी चौकट घ्या आणि एकाच गडद रंगाने, डोळे, कपडे, सावल्या काहीही न काढता, नायिकेची फक्त छायाकृती भरा. ती गेमच्या मापात, मित्राने तयार केलेल्या खऱ्या लेव्हलमध्ये ठेवा आणि हातभर मागे सरकून पाहा. ती कोणत्या बाजूला तोंड करून उभी आहे हे कळते का? हात धडापासून सुटा दिसतो का? शत्रूच्या छायाकृतीशेजारी ठेवल्यावर दोघांतला फरक एका नजरेत ओळखू येतो का? या तीन प्रश्नांची उत्तरे ‘हो’ येईपर्यंत दुसरा रंग उघडू नका. कागदावर चित्रे काढणाऱ्यांना ही पायरी कंटाळवाणी वाटते, कारण कागदावर रेषेतच सगळे असते. इथे रेषेला जागा नाही. 32 पिक्सेलांत आकारच बोलतो.

याचा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत चांगला धडा 1981 च्या ‘डाँकी काँग’मधल्या त्या सुताराचा आहे, जो पुढे मारिओ म्हणून ओळखला गेला. इतक्या थोड्या पिक्सेलांत केस काढणे आणि ते हलवणे जमेना, म्हणून गेमचे रचनाकार शिगेरू मियामोतो यांनी त्याला टोपी घातली; तोंड दाखवायला जागा नव्हती, म्हणून मोठे नाक आणि त्याखाली मिशी आली; हात हलताना दिसावेत म्हणून सदऱ्याहून वेगळ्या रंगाचा, खांद्यांवरून पट्टे जाणारा पोशाख आला. मला यातली टोपी फारशी महत्त्वाची वाटत नाही. मियामोतोंनी आधी पात्र ठरवून ते पिक्सेलांत कोंबले नाही, पिक्सेलांना जे जमते त्यातून पात्र घडवले, हे महत्त्वाचे आहे. तुमच्या नायिकेची ओळख कशात आहे हे तुम्ही लिहिलेले नाही. ओळख लांब वेणीत असेल तर वेणी दोन पिक्सेल जाड करा. झोळीत असेल तर झोळी पाठीबाहेर येऊ द्या. बाकी सगळे, म्हणजे पट्ट्याचे बक्कल, सदऱ्याची गुंडी आणि बुटांची नाडी, बिनदिक्कत काढून टाका. तीन आठवड्यांतले किती दिवस त्या नाडीवर गेले असतील याची मला कल्पना आहे. माझेही गेले आहेत.

डोक्याचे माप वास्तवातले घेऊ नका. 32 पिक्सेलांच्या पात्राला 10 ते 12 पिक्सेलांचे डोके शोभते, कारण चेहऱ्याला त्याहून कमी जागेत काही सांगता येत नाही. तरी त्या जागेत डोळा किती मावतो ते जवळून पाहू. तोंड उजवीकडे असलेल्या चेहऱ्यात डोळा म्हणजे उभे दोन पिक्सेल: वरचा जवळजवळ काळा, खालचा गडद तपकिरी. त्यांच्या मागच्या बाजूला, वरच्याच ओळीत, पांढऱ्याच्या जवळचा एक पिक्सेल. एवढ्याने ती पुढे पाहते आहे हे कळते. तोच पांढरा पिक्सेल पुढच्या बाजूला नेला तर ती मागे कोणीतरी हाक मारल्यासारखी दिसते. दोन्ही बाजूंना ठेवला तर दचकल्यासारखी. पापणी मिटवायची असेल तर वरच्या काळ्या आणि पांढऱ्या पिक्सेलच्या जागी त्वचेचा रंग भरा आणि खालचा गडद पिक्सेल तसाच राहू द्या. दोन-तीन सेकंदांनी एकदा, सेकंदाच्या दहाव्या भागापुरते. भुवई काढायचा मोह होईल, पण तिला जागा नाही. केसांची खालची कड एका पिक्सेलने खाली आणली की भुवईचे काम तीच करते आणि नायिका थोडी हट्टी दिसते. कागदावर तुम्ही पाच मिनिटे रेखाटता तो चेहरा इथे तीन पिक्सेलांवर उभा असतो, म्हणून त्यातला एक चुकला तर एक तृतीयांश डोळा चुकतो.

वक्र रेषांसाठी एकच गोष्ट सांगतो. पिक्सेलांची वळणरेषा पायऱ्यांनी बनते आणि त्या पायऱ्यांची लांबी क्रमाने कमी-जास्त व्हायला हवी. डोक्याचा घुमट 4, 2, 1, 1, 2, 4 असा आला तर गुळगुळीत वाटतो; 4, 1, 2, 1, 4 असा आला तर मधल्या दोनपाशी टेंगूळ दिसते. मोठे करून पाहताना हे टेंगूळ अजिबात खुपत नाही, आणि खेळताना मात्र पहिल्यांदा तेच दिसते.

चाळीस रंगांबद्दल मी जरा कठोर होणार आहे. ‘आता यंत्राला मर्यादा नाही, मग मी का पाळू?’ असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. 1983 च्या फॅमिकॉम या निन्टेंडोच्या गेम-यंत्रावर एका स्प्राइटला तीन रंग आणि चौथे पारदर्शक एवढेच मिळत. पुढे 16-बिट यंत्रांच्या काळात सुपर फॅमिकॉमवर पंधरा आणि एक पारदर्शक. त्या मर्यादा यंत्राच्या होत्या हे खरे, पण त्यातून जे शिस्तीचे चित्र आले ते मर्यादा गेल्यावरही उपयोगाचे आहे. इतक्या लहान जागेत एकमेकांशेजारच्या दोन छटा ओळखू येण्याइतक्या वेगळ्या नसतील, तर त्या दोन नसून एकच आहेत आणि दुसरी नुसती धूळ आहे. तुमचा गोळा या धुळीचा आहे. बारा ते सोळा रंगांत या. त्वचेला तीन, केसांना तीन, कपड्यांना तीन-तीन असे सुटे कप्पे करण्यापेक्षा रंग वाटून घ्या: त्वचेची गडद सावली हीच तपकिरी केसांची उजळ छटा होऊ शकते, आणि सर्वांत गडद जांभळट रंग केस, बूट आणि बाह्यरेषा या तिघांना चालतो. सावली करताना मूळ रंगात नुसता काळा मिसळला की चित्र मळते. सावली थोडी निळ्या-जांभळ्याकडे आणि उजेड थोडा पिवळ्याकडे झुकवा. ॲसप्राइट या पिक्सेल आर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा फुकट मिळणाऱ्या लिब्रेस्प्राइटमध्ये ‘इंडेक्स्ड’ रंगपद्धत निवडली तर पॅलेटबाहेरचा, म्हणजे ठरवलेल्या रंगसंचाबाहेरचा, रंग चुकूनही उमटत नाही, आणि एक छटा बदलली की सगळ्या फ्रेममध्ये ती एकदम बदलते. मऊ कडांचे ब्रश मात्र कायमचे बंद. एक पिक्सेलची पेन्सिल, भरणीची बादली आणि खोडरबर एवढे पुरते.

प्रकाश कुठून येतो हे एकदाच ठरवा आणि नायिकेपासून शेवटच्या शत्रूपर्यंत तोच ठेवा. ज्यांना हे ठरवायचे सुचत नाही ते प्रत्येक आकाराला कडेने गडद आणि मध्ये उजळ करत जातात, आणि हात, पाय, डोके सगळे फुगवलेल्या उशांसारखे दिसू लागते. म्हणूनच या दोषाला ‘पिलो शेडिंग’ म्हणतात. दुसरा दोष याहून लपलेला आहे. बाहेरची कड मऊ दिसावी म्हणून तुम्ही तिच्याभोवती अर्धवट पारदर्शक किंवा फिकट पिक्सेल घातले असतील, तर ते पांढऱ्या कॅनव्हासवर छान दिसतील आणि अंधाऱ्या गुहेत नायिकेभोवती राखाडी झालर उमटेल. आतल्या रेषांना मऊपणा द्या, बाहेरच्या कडेला नको. कॅनव्हासमागे तुमच्याच गेममधली एक उजळ, एक मध्यम आणि एक काळोखी पार्श्वभूमी ठेवून आलटून पालटून पाहत चला.

मूळ गेममधून रंग टिपून घेणार असाल तर इथेच एक सावधगिरी. जुने गेम ज्या पडद्यांसाठी रंगवले गेले, ते आज तुमच्यासमोर नाहीत. 2001 च्या पहिल्या गेम बॉय ॲडव्हान्स या हातातल्या गेम-यंत्राच्या पडद्याला मागून प्रकाश नव्हता, म्हणून त्यावरच्या कित्येक गेममध्ये रंग मुद्दाम उजळ आणि फिकट ठेवले गेले. ते संगणकावर तसेच उचलले तर धुऊन काढल्यासारखे दिसतात. सुपर फॅमिकॉमचे 256 × 224 चे चित्र दूरदर्शन संचाच्या 4:3 पडद्यावर ताणले जात असे, त्यामुळे प्रत्येक पिक्सेल थोडा आडवा होई, आणि आज चौकोनी पिक्सेलांत तेच पात्र आठवणीपेक्षा सडपातळ भासते. आठवणीतली नायिका जाडसर होती आणि फाइलमधली बारीक आहे, असे तुम्हाला वाटले असेल तर ते बरोबर वाटले.

आता घसरण्याकडे. हा चित्रकलेचा प्रश्नच नाही, हिशोबाचा आहे, आणि तो मित्राबरोबर बसून दहा मिनिटांत सुटतो. समजा, गेम सेकंदाला 60 वेळा पडदा रंगवतो आणि नायिका दर वेळी एक पिक्सेल पुढे सरकते. चालण्याच्या आठ फ्रेम आहेत आणि प्रत्येक फ्रेम चार वेळा टिकते. म्हणजे एका फ्रेमच्या काळात तिचे शरीर चार पिक्सेल पुढे जाते. जमिनीवर टेकलेला पाय जमिनीवर स्थिर राहायचा असेल, तर चौकटीच्या आत तो दर फ्रेमला बरोबर चार पिक्सेल मागे यायला हवा: टेकताना शरीराच्या मध्यापासून 8 पुढे, नंतर 4 पुढे, नंतर थेट खाली, नंतर 4 मागे, आणि पाचव्या फ्रेमला 8 मागे पोहोचतो तेव्हा दुसरा पाय पुढे टेकतो. एक पाऊल 16 पिक्सेलांचे झाले, आणि 32 पिक्सेल उंच मुलीला ते सहज झेपते. आता मित्राने वेग दुप्पट केला आणि फ्रेमचा काळ तोच ठेवला, तर पाऊल 32 पिक्सेलांचे हवे, म्हणजे तिच्या स्वतःच्या उंचीइतके. ते कोणालाच जमणार नाही, म्हणून पाय घसरतात. तेव्हा फ्रेमचा काळ निम्मा करा, नाहीतर धावण्याची वेगळी फ्रेममालिका काढा. धावताना दोन्ही पाय हवेत असण्याचे क्षण येतात, त्यामुळे तिथे थोडी घसरण पोटात जाते. चालताना जात नाही.

आठ फ्रेममध्ये खरी रूपे चारच असतात आणि ती पाय बदलून दोनदा येतात: पाय टेकणे, भार घेऊन खाली दबणे, एक पाय दुसऱ्याला ओलांडणे आणि वर उचलले जाणे. दबताना डोके एक पिक्सेल खाली, उचलताना एक पिक्सेल वर. या एका पिक्सेलविना चालणे म्हणजे सरकत्या फळीवरची बाहुली. वेणी असेल तर ती डोक्याच्या मागोमाग एक फ्रेम उशिरा हलू द्या. मात्र हे सगळे आधी राखाडी ठोकळ्यांत करा, म्हणजे डोक्याचा ठोकळा, धडाचा ठोकळा आणि पायांच्या दोन वेगळ्या छटांच्या काठ्या. पुढचा पाय उजळ आणि मागचा गडद ठेवला नाही तर पाचव्या फ्रेमनंतर तुमचे तुम्हालाच कळणार नाही की कोणता पाय कोणता. ठोकळे गेममध्ये नीट चालले की मगच त्यांना कपडे चढवा. रंगवलेली फ्रेम चुकली तर ती टाकवत नाही. ठोकळा टाकताना काही वाटत नाही.

सगळ्या फ्रेमची चौकट एकाच मापाची असावी आणि पायांची रेघ प्रत्येकीत एकाच ओळीवर असावी, नाहीतर उभी राहिलेली नायिका चालू लागताच जागच्या जागी उसळते. तोंड डावीकडे करण्यासाठी इंजिन चित्र आरशासारखे उलटवते, तेव्हा उजव्या खांद्यावरची झोळी डाव्या खांद्यावर जाते. जुन्या गेमांनी हे खुशाल चालवून घेतले. तुम्हीही घ्या, किंवा झोळी पाठीच्या मधोमध आणा. उडीच्या बाबतीत मात्र ॲनिमेशनच्या पुस्तकी नियमाला मुरड घालावी लागते. उडीपूर्वी गुडघे वाकवून दम घेणे पडद्यावर शोभते, पण खेळणाऱ्याने बटण दाबल्यावर नायिका तीन फ्रेम वाकत बसली तर तो बटणालाच दोष देईल. म्हणून पहिल्याच फ्रेमला तिला हवेत न्या आणि वाकण्याचा सगळा भार जमिनीवर उतरल्यानंतरच्या दोन फ्रेममध्ये घाला.

मित्राच्या सूचनेबद्दल. त्याची घाई मला समजते आणि त्याला तुच्छ लेखू नये, कारण तीन आठवड्यांना एक फ्रेम या गतीने उभे राहण्याच्या 4, चालण्याच्या 8, उडीच्या 3, मार खाण्याच्या 2 आणि वार करण्याच्या 5 मिळून 22 फ्रेमना 66 आठवडे लागतील, आणि त्यात शत्रू धरलेलेच नाहीत. तरीही मूळ स्प्राइट उचलून रंग बदलणे हे त्यावरचे उत्तर नाही. ती चित्रे बहुतेक देशांच्या कायद्यानुसार मूळ कंपनीच्या मालकीची आहेत, रंग बदलल्याने मालकी बदलत नाही, आणि गेम फुकट वाटला म्हणूनही आपोआप मोकळीक मिळत नाही. हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे की तुम्ही प्रत्येक पिक्सेल स्वतः काढला तरी पात्र जर त्यांचेच असेल तर ते हक्क सांगू शकतात. 1991 च्या ‘मेट्रॉइड 2’चा चाहत्याने वर्षानुवर्षे खपून केलेला नवा अवतार ऑगस्ट 2016 मध्ये प्रकाशित झाला आणि काही दिवसांतच निन्टेंडोच्या हक्काच्या नोटिशींमुळे तो उतरवला गेला, त्याच महिन्यात ‘पोकेमॉन युरेनियम’चेही तेच झाले. उलट बाजूने, ‘फ्रीडम प्लॅनेट’ हा गेम सेगा कंपनीच्या ‘सॉनिक’ या गेमचा फॅन-गेम म्हणून सुरू झाला, वाटेत त्याने आपली स्वतःची पात्रे आणली आणि 2014 मध्ये स्वतंत्र गेम म्हणून बाहेर आला. 2017 च्या ‘सॉनिक मेनिया’साठी तर सेगाने सॉनिकच्या चाहत्यांतूनच पुढे आलेल्या लोकांना काम दिले. एक सरसकट नियम यातून निघत नाही; कंपनी-कंपनीचा स्वभाव वेगळा असतो. पण उद्या नोटीस आली तर उचललेले स्प्राइट जातील आणि हातात काही उरणार नाही. स्वतः काढलेल्या नायिकेला नवे केस, नवा पोशाख आणि नवे नाव देऊन तुम्ही पुढे जाऊ शकाल. मित्राला हे उत्तर द्या. शिवाय त्याला कलेचेही एक कारण सांगता येईल: उचललेल्या नायिकेकडे फक्त मूळ गेममधल्याच हालचाली असतात, आणि तुमच्या गेममध्ये तिला एखादी नवी गोष्ट करायची वेळ आली की ती फ्रेम तुम्हालाच काढावी लागेल, तीही दुसऱ्याच्या हातवळणात.

त्या स्प्राइटांचा अभ्यास जरूर करा. एखादी फ्रेम शेजारी ठेवून रिकाम्या कॅनव्हासवर पिक्सेल-पिक्सेल उतरवून काढा आणि प्रत्येक ठिकाणी थांबून विचारा की हा रंग इथे का आहे. अशा चार-पाच फ्रेम उतरवल्या की हाताला जे कळते ते मी इथे लिहून सांगू शकत नाही. फक्त ती पाने वहीतच राहू द्या, गेममध्ये नकोत. आणि दुसऱ्या चाहत्याने काढलेले स्प्राइट वापरण्याचा विषय निघालाच, तर त्याला विचारल्याशिवाय घेऊ नका. श्रेयनामावलीत नाव घातले म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही.

येत्या आठवड्यात एवढेच करा. पडद्याचे माप ठरवा. 24 × 32 चा एक राखाडी आयत नायिका म्हणून गेममध्ये घाला आणि मित्राला सांगा की तुम्ही फाइल साठवली की गेममधले चित्र आपोआप बदलेल अशी सोय करून दे. हे काम त्याला एका दुपारचे आहे आणि तुमचे महिने वाचवेल. मग त्या आयताची छायाकृती, छायाकृतीचे ठोकळे, ठोकळ्यांच्या चालण्याच्या आठ फ्रेम. चित्र मोठे करून काम करा, पण शेजारच्या खिडकीत गेमच्या मापातले चित्र सतत उघडे ठेवा आणि निर्णय त्या खिडकीकडे पाहून घ्या. 64 × 64 चे ते जुने चित्र मात्र पुसू नका. संवादाच्या चौकटीत नायिकेचा चेहरा लागेलच, तिथे ते मोठे आणि स्थिर दिसेल, आणि बुटाची नाडी सोडून बाकीचे तीन आठवडे तिथे कामी येतील.